पहिला सेफ्टी रेझर सौम्यच असावा का?

तीनतुकडी (धागाकर्ता)

कार्ट्रिज सोडून दुधारी पात्याकडे वळणारे हल्ली बरेच दिसतात. 'पहिला रेझर कोणता घेऊ?' असं त्यांनी विचारलं की हमखास उत्तर येतं, 'कोणताही घ्या, सगळे सारखेच.' सारखे नसतात. माझं मत: पहिला रेझर तीन तुकड्यांचा, बंद फणीचा (म्हणजे खालच्या प्लेटची कड दातेरी नसलेला) आणि सौम्य असावा. नावच हवं असेल तर एडविन जॅगरचा डीई८९. म्यूलेच्या आर८९ चं डोकंही तेच आहे, तेव्हा दांडा आवडेल तो निवडा.

रेझर घेताना लोक गॅप बघतात, म्हणजे पात्याची धार आणि खालच्या प्लेटची कड यांतलं अंतर. त्याचा आकडा सहज मिळतो, म्हणून त्यालाच भाव. त्वचेला मात्र जास्त कळतं ते एक्स्पोजर. वरची कॅप आणि खालची प्लेट, दोघींच्या कडांना एकदम टेकेल अशी पट्टी मनात धरा. धार पट्टीच्या आत राहिली तर एक्स्पोजर उणे, बाहेर डोकावली तर अधिक. उणे असेल तर हाताचा कोन थोडा चुकला तरी त्वचेला आधी धातू लागतो. शिकाऊ हाताच्या चुका असा रेझर पोटात घालतो.

दुसरी गोष्ट पकडीची. पातं असतं जेमतेम ०.१ मिमी जाड. सपाट धरलं तर लवलवतं. कॅप आणि प्लेटमध्ये कमानीसारखं वाकवून आवळलं की ताठ होतं. पकड धारेपासून लांब असेल तर राठ खुंटावर पातं अडखळतं, थरथरतं आणि केसाबरोबर कातडीही खरवडतं. दाढीनंतर गळ्याची जी आग होते तिच्यामागे पुष्कळदा ही थरथर असते, आणि बोल लागतो साबणाला.

कॅप, प्लेट, दांडा ही मांडणी जिलेटच्या १९०४ च्या पेटंटपासून चालत आलेली आहे. बिघडायला तिच्यात काही नाहीच. (अवांतर: विक्रीच्या पहिल्या वर्षी, १९०३ मध्ये, जिलेटचे अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली होती.)

उलटा हात

असहमत. सौम्य रेझर त्वचेला जपतो, हे खोक्यावर छापायला ठीक. दाट आणि राठ दाढीवर पहिल्या हातात, म्हणजे पहिल्या फेरीत, तो निम्मे खुंट मागे ठेवतो. मग माणूस दाबतो. दाबलं की कातडी गॅपमध्ये फुगून वर येते आणि तुमचं उणे एक्स्पोजर कागदावरच राहतं. न दाबणारा त्याच जागेवरून चारदा फिरवतो, तेही फेस निघून गेल्यावर. दोन हातांत काम उरकणारा रेझर सहा हात मारायला लावणाऱ्यापेक्षा त्वचेला सौम्यच पडतो.

म्हणून म्यूलेचा आर४१ घ्या असं नाही. त्या दातेरी रेझरने नवखा माणूस पहिल्या आठवड्यात स्वतःला सोलून घेईल. पण कमीजास्त करता येणारा का नको? रॉकवेल ६एस मध्ये तीन प्लेट असतात, प्रत्येकीच्या दोन्ही बाजू वेगळ्या, म्हणजे एकूण सहा पायऱ्या. शिवाय तो स्टेनलेस स्टीलचा आहे. तुमच्या डीई८९ चं डोकं झामॅकचं, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचं, वर क्रोमचा मुलामा. न्हाणीघरातल्या फरशीवर नीट एकदा आपटला की कॅपखालचा आट्यांचा खुंटा मोडतो. मुलामा उडाला की आतला धातू खराब होत जातो.

तीनतुकडी

झामॅकचा मुद्दा मान्य. आपटू नका आणि मरेस्तोवर आवळू नका, एवढंच म्हणेन. पातं बसवताना कॅपची दोन्ही टोकं चिमटीत दाबून धरायची, धारेच्या बाजूने बोटं न्यायची नाहीत, आणि दांडा सहज थांबेल तिथपर्यंत फिरवायचा. मग समोरून बघायचं: दोन्ही बाजूंनी पातं सारखंच दिसलं पाहिजे. एका बाजूला जास्त दिसत असेल तर सैल करून पुन्हा बसवा, नाहीतर तो रेझर एका गालाला सौम्य आणि दुसऱ्याला आक्रमक होतो.

दाबणं हा हाताचा दोष आहे, रेझर बदलून तो जात नाही. आणि सहा पायऱ्या हातात दिल्या की नवखा माणूस तिसऱ्या दिवशी प्लेट बदलतो, चौथ्या दिवशी पातं, पाचव्या दिवशी क्रीम. आग कशाने झाली हे मग कोण सांगणार?

अर्धं पातं

रेझरवर एवढा काथ्याकूट, आणि कापणाऱ्या पात्याबद्दल कोणी बोलतच नाही! सलूनमध्ये हेच दुधारी पातं मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात सरकवतात. तिथे कसली प्लेट आणि कसलं एक्स्पोजर? तरी गाल गुळगुळीत होतोच.

फेदरचं जपानी पातं फार धारदार, डर्बी त्यामानाने मवाळ, अ‍ॅस्ट्राचं हिरवं आणि आपल्याकडचं सेव्हन ओक्लॉक या दोहोंच्या मधे कुठेतरी. सौम्य रेझरमध्ये धारदार पातं घाला, उलटा हात यांची निम्मी तक्रार मिटेल. शंभरचा डबा आधीच घेऊ नका. चार-पाच प्रकारांचं एकेक पाकीट आणा, रेझर तोच ठेवा आणि प्रत्येक पात्यावर तीन-चार दाढ्या करून बघा. केस कापला जाण्याऐवजी ओढला जातोय असं वाटलं की पातं गेलं. 'अजून एकदा चालेल' म्हणून चालवलेलं पातंच जास्त कापतं. आणि टॉवेलने पातं पुसायचं नाही, धारेवरचा पातळ लेप निघतो. पाण्याखाली धरा, झटका, झालं.

तीनतुकडी

वस्तऱ्यात पातं चांगलं लांबवर आवळलेलं असतं, आणि तो दिवसाला पंचवीस दाढ्या करणाऱ्याच्या हातात असतो. ते उदाहरण शिकाऊला कसं लागू पडेल?

फुलपाखरू

बटरफ्लायचा विषय कोणीच काढला नाही. दांड्याचं बूड फिरवलं की वरचे दोन पंख उघडतात, पातं टाका, पंख मिटा. ज्यांची बोटं थरथरतात किंवा नजर कमी झाली आहे त्यांना सुटे तुकडे जुळवण्यापेक्षा हे सोयीचं. पार्करचे असे बरेच रेझर भारतातच बनतात.

उलटा हात

सोय आहे, वाद नाही. पण बऱ्याच बटरफ्लायमध्ये पातं कमी वाकतं, म्हणून कमी ताठ राहतं. शिवाय बोअरच्या पाण्याचे क्षार आणि साबणाचा गाळ बिजागरीत बसतो. पंख पूर्ण मिटले नाहीत तर पात्याचा एक कोपरा वर राहतो, आणि तो कळतो रक्त आल्यावरच. आठवड्यातून एकदा जुन्या टूथब्रशने साबणपाणी लावून बिजागऱ्या घासा.

तुरटी

बोअरच्या पाण्याचा उल्लेख झालाच आहे म्हणून. तुम्हा सगळ्यांच्या वादाच्या आधीची पायरी फेसाची. जड पाण्यात साबणाचा फेस धरत नाही. दिसायला भरपूर, पण बुडबुडे मोठे, आणि गालावर मिनिटभरात वाळून बसतो. तेवढ्यापुरतं अर्धा तांब्या आरओचं किंवा पावसाचं पाणी घ्या. चेहरा कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं भिजू द्या, ओला केस कापायला जोर कमी लागतो. ब्रश झटकून साबणावर अर्धं मिनिट घोळवा, मग थेंब थेंब पाणी घालत चेहऱ्यावर फेटा. दह्याच्या घट्ट घोळासारखा, चकाकी असलेला फेस हवा. कोरडा पांढरा ढग नको.

कोन असा शोधा: कॅपचा माथा गालावर टेकवा, दांडा गालापासून सरळ बाहेर. आता दांडा हळूहळू खाली आणा. केस कापल्याचा बारीक कुरकुर आवाज सुरू झाला की थांबा. साधारण ३० अंश होतात. तिथून दोन-तीन सेंटिमीटरचे आखूड हात मारायचे. भार रेझरच्या वजनाचा, बोटांचा नाही.

सौम्य की आक्रमक हे तुरटीला विचारा. दाढी झाल्यावर गार पाण्याने धुवा, ओला खडा सगळीकडे फिरवा, अर्ध्या मिनिटाने पुन्हा धुवा. तुरटी मोठी चुगलखोर. जिथे झोंबली तिथे तुम्ही दाबलंत किंवा फेसाशिवाय फिरवलंत. फक्त जबड्याच्या कडेला आणि कंठमण्यापाशी झोंबत असेल तर हात सुधारा. जबड्यावर कातडी ताणून धरा, कंठमण्यावरची कातडी बोटाने बाजूला सरकवून तिथे दाढी करा. फेस आणि कोन बरोबर असून सगळीकडे सारखंच झोंबत असेल, तर पातं नाहीतर रेझर तुमच्या दाढीला जुळत नाही.

अर्धं पातं

तुरटीची कसोटी आवडली. फक्त पातं नवं असताना करा, नाहीतर बोथट पात्याचं पाप रेझरच्या माथी.

जुनी पाती सुटी कचऱ्यात टाकू नका, कचरा वेचणाऱ्यांचे हात कापतात. पत्र्याच्या डब्याला चीर पाडून त्यात साठवा. भरला की चीर चिकटपट्टीने बंद करून वर 'ब्लेड' असं लिहून वेगळा द्या.

उलटा हात

चुगली मान्य. मग रॉकवेलवर ती अशी करवून घ्या: तिसऱ्या पायरीवर एक आठवडा, पातं आणि साबण न बदलता. झोंबलं तर दुसरी पायरी. झोंबत नाही पण सुलट्या आणि आडव्या हातानंतरही गालावर खुंट लागतात, तर चौथी. एका पायरीच्या डीई८९ ला ही सोय नाही.

माझं नाव काहीही असो, गळ्यावर उलटा हात सरसकट मारू नका. कुरळा केस फार खोल कापला गेला की वाढताना आतच वळतो आणि पुटकुळी येते. आधी दोन दिवसांची दाढी असताना बोट फिरवून केस कुठे कुठल्या दिशेला आहेत ते बघा. गळ्यावर पुष्कळांचे केस खालून वर किंवा आडवे असतात, आणि तो माणूस सुलटा समजून रोज उलटीच दाढी करत असतो.

तीनतुकडी

गळ्याबाबत शंभर टक्के सहमत. डीई८९ बाबत अजूनही नाही.