शब्दचर्चा : ‘अनपॅक’ला काय म्हणावं? आणि ‘पॅच’ म्हणजे ठिगळ की रफू?

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या राजारामपुरीत मी लिनक्स या संगणकप्रणालीचा वर्ग घेतो. मुलं कागल, राधानगरीकडची, मराठी माध्यमातली. कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, सोर्स (प्रोग्रामच्या मूळ ओळी) दाबून बांधलेल्या फाइलीतून सोडवून (अनपॅक करून) त्याला पॅच, म्हणजे दुरुस्तीच्या ओळींची फाइल, लावायचा धडा चाललाय आणि घोडं दोन शब्दांवर अडलंय.

पहिला ‘अनपॅक’. फाइलच्या नावाशेवटी ‘टार’ आणि ‘एक्सझेड’ अशी दोन शेपटं असतात, कारण कामं दोन आहेत. टार, म्हणजे मूळचं ‘टेप आर्काइव्ह’, हजारो फायली ओळीनं रचून एक करतं; आकार घटवत नाही. तो घटवतं एक्सझेड. टारला मी उसाची मोळी म्हणतो, कितीही आवळली तरी ऊस तेवढाच. पण दाबण्याला काय म्हणू? एक मुलगा म्हणाला, रस आटवून गूळ. मुलाचं डोकं चांगलं चाललं, पण गुळाचा परत ऊस होत नाही. जेपेग चित्राला गूळ चालेल, तिथे दाबताना थोडं गमावलं तरी भागतं. इथे मात्र अक्षर न् अक्षर परत यायला हवं.

प्रतिसाद : मी इचलकरंजीचा. सूतगिरणीत कापसाची गासडी येते, प्रेसमध्ये दाबून पट्ट्यांनी आवळलेली. पट्ट्या तोडल्या की कापूस फुगतो, पण कापूस तोच. टारबॉलला, म्हणजे तुमच्या या टार-एक्सझेड फाइलीला, गासडी म्हणा की!

गासडी! दादा, हा शब्द माझ्या डोक्यातच आला नाही. कर्नलची दीडशे एमबीच्या आसपासची फाइल सुटल्यावर एक जीबीच्या वर जाते, ते फुगणंही त्यात आलं. फक्त क्रम उलटा: तिथे आधी दाबतात मग बांधतात, इथे आधी मोळी मग दाब. म्हणून सोडताना आधी फुगवणं, मग मोळी सोडणं. मुलांना हे दोन्ही टप्पे एकदा वेगवेगळे करायला लावणार.

प्रतिसाद : पॅचला सरळ ठिगळ म्हणा. पूर्वी संगणकाचा प्रोग्राम छिद्रांच्या कागदी पट्टीवर असे, तिच्यावर चुकीच्या जागी खरोखरच कागदाचा तुकडा चिकटवत.

इतिहास बरोबर आहे ताई, पण लॅरी वॉल यांनी १९८५ साली लिहिलेला, पॅच लावणारा ‘पॅच’ हा प्रोग्राम वरून काही चिकटवत नाही. वजा खुणेच्या ओळी काढतो, अधिक खुणेच्या घालतो. जागा शोधतो ती आजूबाजूच्या, सहसा वरच्या तीन आणि खालच्या तीन, न बदललेल्या ओळी जुळवून. रफूवालाही भोकाच्या कडेचे शाबूत धागे धरूनच वीण भरतो. ते धागेच जुळले नाहीत तर तो तुकडा नाकारून ‘.रेज’ फाइलीत बाजूला पडतो. शिवाय ठिगळ म्हटलं की मराठी कानाला गरिबी, तात्पुरतेपणा ऐकू येतो. सुरक्षेची चूक दुरुस्त करणाऱ्या ओळींना ते नाव लावायला माझा जीव होत नाही.

प्रतिसाद : मग पॅच उलटा फिरवून काढला तर?

रफू उसवली.