भाचीचं नाव 'तारा' ठेवायचं, तर आजी म्हणते 'बारदान'!

फोंड्याची आत्या
रविवारी बारसं आहे. आत्या मी, म्हणजे कानात कुर्र करायचा मान माझा, आणि नेमकं नावच अडलंय. म्हणून हा धागा.

भाऊ-वहिनी लिस्बनला असतात. आजीचा जन्म १९६१ च्या आधीचा, तिच्या नोंदीवरून बाबांचं आणि मग भावाचं पोर्तुगीज नागरिकत्व झालं. गोव्यात आता याचं कुणाला नवल नाही. वहिनी बाळंतपणाला घरी आली. बाळाचं नक्षत्र स्वाती, चौथं चरण, अक्षर 'ता'. 'तारा' दहा मिनिटांत ठरलं. भटजी खूश, वहिनी खूश. आजी तेवढी म्हणाली, "पोरीला बारदानाचं नाव ठेवता?"

आजीच्या वडिलांचं दुकान होतं. साखरेचं पोतं उतरलं की ही शाळकरी पोर वहीत पोर्तुगीजमध्ये तीन आकडे लिहायची: पेझु ब्रुतु, तारा, पेझु लीकिदु. एकूण वजन, रिकाम्या पोत्याचं वजन आणि आतल्या मालाचं वजन. मधला आकडा वजा करून टाकायचा. तो म्हणजे 'तारा'.

भावाला फोन लावला तर तो हसतच सुटला. "आजीनं सभ्य अर्थ सांगितला," म्हणे. बोलण्यात 'तारा' म्हणजे विकृती, तीही त्या तसल्या प्रकारची. बायकांकडे वाईट नजरेनं बघणारा माणूस तो 'तारादु'. आणि उच्चार अगदी आपल्यासारखाच, दंत्य त, फक्त शेवटचा 'आ' ते गिळतात.

आता सांगा, पोरीचं नाव ठेवताना परक्या भाषेचा कोश उघडायचा का?

डिचोलीकर
अजिबात नाही. तो कोश उघडलात तर एकही नाव शिल्लक राहणार नाही. पोर्तुगीजमध्ये माला म्हणजे प्रवासाची बॅग. मीना म्हणजे खाण (आमच्याकडे ही हाक मारली तर मागून ट्रक यायचे). आणि लता म्हणजे पत्र्याचा डबा! मंगेशी तुमच्याच तालुक्यात ना? मास्टर दीनानाथांचं गाव. लताबाईंचं पाळण्यातलं नाव हेमा, पुढे 'भावबंधन' नाटकातल्या लतिकेवरून लता झालं. तेव्हा फोंड्यावर पोर्तुगीजांचंच राज्य होतं. त्या घरात कुणी कोश उघडला असता तर?

तारवटी सासष्टी
लताबाई लिस्बनच्या शाळेत गेल्या नव्हत्या, डिचोलीकर. मुद्दा तिथेच संपतो.

मी १४ वर्षं जहाजावर आहे. बायकोचं नाव माला. माझ्या केबिनमध्ये दोघे ब्राझीलचे. घरून फोन आला आणि मी "बोल माला" म्हटलं की दोघे बंकवरून खाली वाकून विचारायचे, "बॅग काय म्हणते?" त्यांच्याकडे चिकट, डोकं खाणाऱ्या माणसालाही 'माला' म्हणतात, हे वर्षभरानं कळलं. मी घोड्याएवढा बाप्या, हसून सोडून दिलं. बायकोला आजतागायत सांगितलेलं नाही. पण सहावीतल्या पोरीला वर्गातली मुलं 'विकृती' म्हणून हाक मारतील तेव्हा ती हसून सोडेल? तत्त्वं तुमची, शाळा तिची.

गड आला
कमाल आहे! १९६१ ला फिरंगी गेला आणि २०२० नंतर आम्ही पोरीचं नाव त्याला विचारून ठेवायचं? तारा म्हणजे ताराराणी. १७०० साली राजाराम महाराज गेले आणि ती बाई औरंगजेबाशी सात वर्षं झुंजली, तो मरेपर्यंत. पंचकन्यांत तारा आहे. दशमहाविद्यांत आहे. तिबेटात हिरवी तारा, श्वेत तारा घरोघरी पुजतात. आयर्लंडमध्ये तारा नावाच्या टेकडीवर तिथल्या राजांचं आसन होतं. एवढं सगळं एका पारड्यात आणि दुसऱ्यात आजींचं पोतं!

फोंड्याची आत्या
@गड आला, आजीला पोतं म्हणू नका. तिला पोर्तुगीज येतं ते त्यांच्या हुकूमशहा सालाझारच्या प्रेमापोटी नाही, शाळेत तेच होतं म्हणून येतं. मराठी ती घरी शिकली, मोडीसकट. बाकी ताराराणी मलाही प्रिय आहे. पण लिस्बनमध्ये कोल्हापूर सांगत बसायला भाऊ रोज शाळेत जाणार नाही.

शब्दवेडा
थोडं अवांतर, पण मजेशीर. वजनाचा तो 'तारा' पोर्तुगीजांचाही नाही. मूळ अरबी, 'तरह' म्हणजे टाकून दिलेलं, वजा केलेलं. आपल्या बाजारात आधी रिकामं भांडं तोलून 'धडा' करतात, तोच हा प्रकार. आणि संस्कृतातली तारा सगळीकडे सोज्वळ आहे असंही नाही हं. बृहस्पतीची बायको तारा चंद्राकडे निघून गेली आणि त्यातून बुध झाला. मंगलाष्टकातलं 'ताराबलं चंद्रबलं तदेव' म्हणेपर्यंत वऱ्हाडाची जी धावपळ होते तिला आपण 'तारांबळ' म्हणायला लागलो असं सांगतात. म्हणजे आपल्या स्वतःच्या भाषेतही या नावाला गोंधळ चिकटलेला आहेच. तरी घरोघरी तारा आहेत.

किरणचं बघा. आपल्याकडे उजेड. आयर्लंडमध्ये जवळपास याच उच्चाराचं मुलाचं नाव आहे, अर्थ 'काळसर'. दोन्ही किरण सुखात आहेत.

तारवटी सासष्टी
काळसर आणि विकृत यांत फरक आहे हो, शब्दवेडा. अर्थ वेगळा असणं चालतं. शिवी असणं चालत नाही.

डिचोलीकर
बरं, हे मान्य. पण चिडवणारी पोरं कोशावर अवलंबून नसतात. माझं नाव इथे सांगत नाही, शुद्ध मराठी आहे, वर्गही शुद्ध मराठी होता. दहावीपर्यंत मला 'घमेलं' म्हणायचे. कारण मलाही माहीत नाही.

ओसरीवरचा काका
आत्याबाई, सोपा उपाय. पोर्तुगालच्या कायद्यात दोन पाळण्यातली नावं आणि चार आडनावं लावता येतात. कागदावर पहिलं नाव दुसरं काहीतरी घाला, घरात तारा म्हणा. अक्षर 'ता'च हवं तर 'तान्या' कसं वाटतं? हल्ली फॅशनमध्ये आहे.

डिचोलीकर
काका, तान्या म्हटलं की आमच्या वाड्यावरचा तानाजी ओ देतो.

गड आला
एक नाव घरचं, एक नाव दारचं! हेच चारशे वर्षं केलं ना गोव्यानं? माझा विरोध कायम.

फोंड्याची आत्या
काल रात्री धागा आजीला वाचून दाखवला. घमेल्यावर ती खूप हसली. मग बराच वेळ काही बोलली नाही. मी उठणार तेवढ्यात म्हणाली, "माझं माहेरचं नाव तुला ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हतं. लग्नात तांदळावर अंगठीनं लिहिलेलं नावच आम्ही आयुष्यभर ऐकलं.

माहेरी ती उमा होती. पोर्तुगीजमध्ये 'उमा' म्हणजे 'एक'. शाळेत हजेरी घेताना बाईंनी "उमा" म्हटलं की मागच्या बाकावरून पोरं सुरात ओरडायची, "दुआश! त्रेश!" बाईही हसायच्या. चार वर्षं रोज. "शिवी नव्हती गो ती," आजी म्हणाली, "नुसता आकडा. तरी लग्नात नाव बदललं तेव्हा मला बरंच वाटलं होतं."

तारवटीभाऊ, तुमची पोस्ट तिनं दोनदा वाचायला लावली.

तारवटी सासष्टी
आजींना नमस्कार सांगा. आणि माझ्या बायकोला मी हे सगळं अजून सांगितलेलं नाही, तेवढं लक्षात ठेवा.

ओसरीवरचा काका
मग ठरलं काय?

फोंड्याची आत्या
वहिनीला 'तारा'च हवंय, भाऊ गप्प आहे. आजी म्हणते, पोरीच्या कानात कुर्र करायच्या आधी मला विचार. पाळणा आणलाय, घुगऱ्यांचे चणे भिजत घातलेत. रविवारी कळवते.