मदत हवी आहे: दोन मेंदू जुळले की नुसत्या माना डोलल्या?

नमस्कार मंडळी, इथे हायपरस्कॅनिंग केलेलं कुणी आहे का? म्हणजे दोघं जण एकमेकांशी बोलत किंवा वाजवत असताना दोघांच्याही मेंदूचं रेकॉर्डिंग एकाच वेळी घ्यायचं. 2002 मध्ये माँटॅग्यू आणि मंडळींनी दोन एमआरआय मशिनं जोडून हे केलं होतं. माझ्याकडे एफनिर्स आहे, टोपीतून डोक्यात इन्फ्रारेड प्रकाश सोडायचा आणि रक्तातला ऑक्सिजन कसा बदलतो ते बघायचं.

तबला-पेटीच्या 11 जोड्या घेतल्या, तीनताल, पेटीवर लेहरा, सुरुवातीला मेट्रोनोमवर मिनिटाला 96 मात्रा ऐकवल्या आणि मग तो बंद केला. तेल लावलेल्या दाट केसांतून प्रकाश जाईना, मग एकेका ऑप्टोडखालचे (टोपीतला प्रकाश सोडणारा किंवा टिपणारा बिंदू) केस काडीने बाजूला सारत बसले, एका तबलजीदादांना तर पाऊण तास नुसतं बसवून ठेवलं, तरी बिचारे काही बोलले नाहीत.

आता वेव्हलेट कोहेरन्स (दोन सिग्नल कोणत्या गतीच्या चढउतारात एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) काढलाय तर 10 सेकंदांच्या चढउताराच्या आसपास खऱ्या जोड्या खोट्या जोड्यांपेक्षा (एका जोडीतला तबला, दुसरीतली पेटी) स्पष्ट वर दिसतायत. गाइड खूश आहेत पण मला झोप नाही, कारण 96 च्या लयीत 16 मात्रांचं आवर्तन बरोबर 10 सेकंदांचं होतं आणि व्हिडिओत बघितलं तर समेवर दोघांच्याही माना एकदम हलतात. मान हलली की ऑप्टोड सरकतो, सिग्नल उडी मारतो. त्यात रक्तदाबाच्या मेयर लहरीही 0.1 हर्ट्झच्याच आसपास, म्हणजे परत 10 सेकंदच! खोट्या जोड्यांत प्रत्येकाची लय थोडी पुढेमागे झालेली असते, सम जुळतच नाही, मग तिथे आकडा कमी येणारच ना? मशिनला शॉर्ट चॅनल (फक्त कातडीतलं रक्त मोजणारे, म्हणजे ते वजा करता येतं) नाहीत. हा डेटा वाचवायचा कसा? त्या लोकांनी इतका वेळ दिलाय, चुकीचं काही लिहायचं नाहीये मला.

प्रतिसाद: ताई, शंका रास्त आहे. त्याच जोडीतल्या एकाचा सिग्नल दोन-तीन पूर्ण आवर्तनं पुढे सरकवून कोहेरन्स परत काढा. सम कुठे पडते ते रेकॉर्डिंग ऐकून मार्क करा, ठराविक 10 सेकंद धरू नका. सरकवूनही आकडा तसाच राहिला तर तो तालाचा किंवा मानेचा, त्या क्षणी दोघांत जे घडलं त्याचा नाही. आणि जमलं तर दोन-तीन जोड्या 60 च्या लयीत घ्या, आवर्तन 16 सेकंदांचं होईल. शिखर तिकडे सरकलं तर निदान मेयर लहरी सुटल्या.

धागाकर्ती: आवर्तनाने सरकवायचं डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून आभार! आज रात्री पहिल्या जोडीच्या समा मार्क करायला बसते. व्हिडिओवरून मानेची हालचाल मोजून ती सिग्नलमधून वजा कुणी केली असेल तर तेही सांगा प्लीज, कॅमेरा समोरून लावलेला होता.