हद्दीची हरकत वेळेत घेतली नाही, तर ती गेलीच पाहिजे. पटतं का?

मुद्देसूद:
नुकतेच एका अपिलाचे कागद चाळले. साधा पैसे वसुलीचा दावा. प्रतिवादीनं कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) दिली, साक्षीदारांचा उलटतपास घेतला, युक्तिवादही केला. कोर्टाच्या हद्दीबद्दल तोवर चकार शब्द नाही. निकाल विरुद्ध गेला आणि अपिलात पहिलाच मुद्दा काय, तर ‘मूळ कोर्टाला हा दावा चालवण्याचं अधिकारक्षेत्रच नव्हतं’!

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 21 अशा प्रतिवादीला उभं करत नाही. दावा चुकीच्या ठिकाणी दाखल झाला ही हरकत वरच्या कोर्टात ऐकून घ्यायची, तर ती खालच्या कोर्टात पहिल्या संधीला घेतलेली हवी, मुद्दे (कोर्टानं ठरवायचे वादाचे प्रश्न) काढले जाण्याआधी किंवा काढताना घेतलेली हवी, आणि शिवाय त्या चुकीमुळे न्यायाची हानी झालेली हवी. तिन्ही एकत्र. 1976 च्या दुरुस्तीनं दाव्याच्या रकमेची मर्यादा आणि दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचं काम) चालवणाऱ्या कोर्टाची हद्द यांनाही तोच नियम लागू झाला.

मला हे शंभर टक्के पटतं. जिंकलो तर कोर्ट बरोबर, हरलो तर कोर्ट परकं, असं कसं चालेल? बोला.

वहिवाट:
अजिबात पटत नाही. अधिकारक्षेत्र कायदा देतो. पक्षकारांनी गप्प बसून ते कोर्टाच्या पदरात टाकायचं नसतं. सर्वोच्च न्यायालयाचा 1954 चा किरण सिंग निकाल काय सांगतो? अधिकार नसलेल्या कोर्टाचा हुकूमनामा (दाव्याचा अंतिम आदेश) शून्य, आणि ते केव्हाही, अगदी दरखास्तीतसुद्धा दाखवून देता येतं. शून्याला ‘उशीर झाला’ म्हणून एक करता येत नाही.

मुद्देसूद:
ते वाक्य सगळे वाचतात, त्याच्या पुढचा निकाल कोणी वाचत नाही! त्या खटल्यात वादींनी स्वतःच दाव्याचं मूल्य 2,950 रुपये लावलं होतं. खालच्या दोन्ही कोर्टांत हरले, उच्च न्यायालयात गेले, तिथं मूल्य 9,980 ठरलं. मग म्हणाले, आमचं पहिलं अपील जिल्हा कोर्टात नव्हे, थेट उच्च न्यायालयातच व्हायला हवं होतं, तेव्हा सगळं नव्यानं ऐका. सर्वोच्च न्यायालयानं ऐकलं नाही. दावा मूल्यांकन कायद्याचं कलम 11 दाखवलं आणि विचारलं, यानं तुमचं नुकसान काय झालं ते सांगा. म्हणजे तुमचा आवडता निकाल माझ्या बाजूचा आहे.

विषयाचा अधिकारच नसेल, म्हणजे समजा भाडेकरूचा वाद खास कायद्यानं दुसऱ्या कोर्टाकडे दिलेला असेल, तर मौनानं काही होत नाही हे मलाही मान्य. मी बोलतोय ते ठिकाणाबद्दल.

साधी_पक्षकार:
मी वकील नाही, प्रतिवादी होते. समन्स आलं ते रात्रभराच्या प्रवासावरच्या कोर्टातून. तिथले वकील ओळखीतून मिळाले. त्यांनी कैफियतीत नेहमीच्या मसुद्यातलं वाक्य तसंच ठेवलं: ‘कलम अमुकमधील अधिकारक्षेत्राबाबतचा मजकूर खरा आहे.’ मी खाली सही केली. ते वाक्य म्हणजे काय, हे मला दोन वर्षांनी दुसऱ्या वकिलांनी सांगितलं, तोवर मुद्दे निघून गेले होते.

तुम्ही म्हणता, हरकत सोडली. अहो, हातात काय आहे हे ठाऊक असेल तर माणूस ते सोडेल ना? आणि ‘न्यायाची हानी’ म्हणजे काय, तर साक्षीदार आणता आले नाहीत, बाजू मांडता आली नाही, वगैरे. मी प्रत्येक तारखेला रजा काढून गेले, म्हणून माझी बाजू मांडली गेली, म्हणून हानी झाली नाही! गेलेच नसते तर?

मुद्देसूद:
ताई, गेला नसता तर हुकूमनामा एकतर्फी झाला असता. समन्स नीट बजावलं नव्हतं किंवा गैरहजेरीला सबळ कारण होतं हे दाखवलंत, तर तो संहितेच्या आदेश 9 नियम 13 खाली रद्द होतो, आणि मग कैफियतीत हरकत घेता येते. पण तुमच्या बाबतीत चूक वकिलाची होती. तिची किंमत समोरच्यानं का मोजायची? दावा परत होऊन दुसऱ्या कोर्टात गेला की काम पहिल्यापासून सुरू होतं, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय. झालेला पुरावा, उलटतपास, सगळं पाण्यात.

साधी_पक्षकार:
चुकीच्या कोर्टात दावा टाकणारा तोच की हो! त्याच्या चुकीला माफी, माझ्या मौनाला शिक्षा.

जुना_काळाकोट:
बाईंचा हा शेवटचा मुद्दा मुद्देसूदांनी नीट वाचावा.

दुसरी बाजूही सांगतो. लवकर घेतलेली हरकत प्रामाणिकच असते, या भ्रमात राहू नका. महाराष्ट्रात 1977 पासून संहितेत कलम 9अ होतं. अंतरिम (निकाल लागेपर्यंतच्या) मनाईच्या अर्जावर कोणी अधिकारक्षेत्राची हरकत घेतली की तो प्राथमिक मुद्दा आधी निकाली काढायचा, मग पुढचं. हेतू चांगला होता: अधिकार नसलेल्या कोर्टातून मनाई मिळवून वर्षानुवर्षं बसणाऱ्यांना चाप. घडलं काय, तर त्या एका मुद्द्यावरच पुरावा, त्यावरच आव्हान, आणि मूळ दावा फडताळात. दावा मुदतीनंतर आला ही हरकतसुद्धा ‘अधिकारक्षेत्रा’त घुसवली गेली. 2018 ला कलम गेलं, आणि मुदतीचा प्रश्न त्यात बसत नव्हता हे 2019 ला ठरलं. आम्ही मंडळींनी तोवर त्यावर बऱ्याच तारखा घेतल्या, खोटं कशाला बोलू.

आणि जमिनीचं काय? गुडगावच्या भूखंडाचा दावा 1988 मध्ये दिल्लीत दाखल झाला. प्रतिवादीनं आधी अधिकारक्षेत्र कबूल केलं, काही वर्षांनी कैफियत दुरुस्त करून नाकारलं. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, स्थावराचा ताबा मागायचा तर कलम 16, मिळकत असेल तिथलंच कोर्ट. कबुली असूनही दावा परत. म्हणजे ‘ठिकाण’ आणि ‘विषय’ यांच्यातली तुमची भिंत जमिनीपाशी आली की खचते.

वहिवाट:
हेच म्हणत होतो! सतरा वर्षांनी का होईना, शून्य ते शून्यच.

मुद्देसूद:
सतरा वर्षं हा तुमच्या बाजूचा पुरावा वाटतो तुम्हाला? मला तो माझ्या बाजूचा वाटतो.

जमिनीपुरतं मागे घेतो. ताईंच्या मुद्द्यावर एवढं म्हणेन की हरकत पहिल्या संधीला घ्या हा नियम राहू दे, पण दावा कुठे टाकला आणि का, हे वादीनं दाखल करतानाच पटवून द्यावं, आणि कोर्टानं ते कैफियतीची वाट न बघता तपासावं. आदेश 7 नियम 10 प्रमाणे दावा कोणत्याही टप्प्यावर परत करता येतो, मग पहिल्याच तारखेला का नाही?

साधी_पक्षकार:
माझ्या दाव्यात पहिल्या तारखेला न्यायाधीश रजेवर होते. दुसऱ्यालाही.