कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टात 'इंटर्नल हेमोरॉइड्स' इतक्यांदा का?

जिज्ञासू_४२
ही मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून होणारी तपासणी पोटदुखीसाठी असो की पॉलिपसाठी (आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेली गाठ), रिपोर्टच्या शेवटी बहुधा 'ग्रेड १ इंटर्नल हेमोरॉइड्स' असतंच. आतली मूळव्याध खरंच इतक्या लोकांना असते, की ही लिहिण्याची सवय? आणि शौचातून रक्त जात असेल तर ही ओळ वाचून निर्धास्त व्हावं का?

स्कोपवाला
असते खरी. ऑस्ट्रियात आतड्याच्या कर्करोगाच्या चाचणीसाठी आलेल्या ९७६ प्रौढांचा अभ्यास २०१२ साली छापून आला. त्यांतल्या ३८० जणांना मूळव्याध आढळली, म्हणजे सुमारे ३९ टक्के. त्या ३८० पैकी जवळपास ७३ टक्के ग्रेड १ चे, आणि निम्म्याहून अधिक जणांना काहीच त्रास नव्हता. उलट अमेरिकेत १९९० साली लोकांच्या सांगण्यावरून काढलेला आकडा ४.४ टक्केच होता. विचारून मोजलं की कमी, बघून मोजलं की जास्त.

याचं कारण शरीररचनेतच आहे. गुदमार्गात रक्तवाहिन्यांच्या तीन मऊ गाद्या प्रत्येकाला जन्मतः असतात. त्या किती फुगल्या म्हणजे 'ग्रेड १' म्हणायचं, हे बघणाऱ्याच्या नजरेवर ठरतं. त्यात पोट साफ करण्याच्या औषधाने रात्रभर जुलाब झालेले, त्यामुळे त्या आणखी सुजू शकतात.

गुदविकार_सर्जन
एक दुरुस्ती: स्कोप, म्हणजे ती दुर्बीण, कमीही दाखवतो. आत हवा भरली की गाद्या चपट्या होतात, आणि स्कोप सरळ बाहेर काढला तर गुदमार्गाचे शेवटचे काही सेंटिमीटर झर्रकन निघून जातात. म्हणून गुदाशयात स्कोप उलटा वळवून बघतात. जागा अरुंद असेल तर तसं करू नये, भिंतीला इजा होते. शिवाय ग्रेड २ ते ४ ठरतात ते मूळव्याधीचा कोंब बाहेर येतो का, आपोआप आत जातो की बोटाने ढकलावा लागतो, यावर. गुंगीत कुशीवर झोपलेला रुग्ण कुंथत नाही. हे त्याला विचारायला हवं आणि प्रॉक्टोस्कोपने (गुदमार्ग बघायची छोटी नळी) बघायला हवं.

जिज्ञासू_४२
आणि रक्ताचं?

गुदविकार_सर्जन
लालभडक, शौचानंतर थेंबथेंब पडणारं, संपूर्ण तपासणी स्वच्छ: मग मूळव्याध म्हणता येईल. पण हिमोग्लोबिन घसरलंय, लोह कमी आहे किंवा रक्त काळपट, मळात मिसळलेलं आहे, तर त्या ओळीवर खापर फोडून थांबू नये. आतडं नीट साफ झालं होतं का, स्कोप सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याचं सुरुवातीचं टोक) पोचला का, हे आधी रिपोर्टात बघा.

स्कोपवाला
त्रास नसेल तर ग्रेड १ ला काही करायचं नाही. बद्धकोष्ठ असेल तर दोन चमचे इसबगोल, पण ग्लासभर पाण्यासोबत. कमी पाण्यात ते आतच घट्ट बसतं. रक्त थांबतच नसेल तर कोंबाच्या बुडाशी रबर बँड आवळतात, मग तो कोंब सुकून गळतो. बँड डेंटेट रेषेच्या (गुदमार्गातली सीमा, जिच्या खाली वेदना जाणवते) वर बसला पाहिजे, खाली लागला तर लगेच असह्य दुखतं. बँड गळून पडताना, आठवडा-दहा दिवसांनी, पुन्हा रक्त येऊ शकतं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर हे आधीच सांगा.