टॉल्किन, लुइस आणि पहिलं महायुद्ध: ठसा नेमका कुठे दाखवायचा?

पानगळ:
वाचकगटात २० मिनिटं बोलायचं आहे. पहिल्या महायुद्धाने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणारा टॉल्किन आणि 'नार्निया' लिहिणारा सी. एस. लुइस यांची मैत्री आणि त्यांचा बऱ्यावाइटाचा विचार कसा घडवला, हा विषय. 'ऑर्क (कथेतले शत्रूचे राक्षसी सैनिक) म्हणजे जर्मन, अंगठी म्हणजे अणुबॉम्ब' असली कोष्टकं हवी तितकी मिळतात, पण ती पटत नाहीत. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वर बोट ठेवून दाखवता येईल असं काय आहे? सुरुवात कुठून करू?

जुनी_वही:
कोष्टकं सोडताय ते उत्तम. ऑर्कांबद्दल टॉल्किनने मे १९४४ मध्ये हवाई दलातल्या मुलाला, ख्रिस्तोफरला, स्वच्छ लिहिलं आहे की खऱ्या आयुष्यात ते दोन्ही बाजूंना असतात.

सुरुवात चौघांपासून करा. बर्मिंगहॅमच्या किंग एडवर्ड्स शाळेतले टॉल्किन, ख्रिस्तोफर वाइजमन, रॉब गिल्सन आणि जेफ्री बाख स्मिथ. आपल्या टोळक्याला ते टी.सी.बी.एस. म्हणत, एकमेकांच्या कविता वाचत, त्यावर भांडत. १ जुलै १९१६ला, फ्रान्समधल्या सॉमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, ला बॉइसेलजवळ गिल्सन पडला. टॉल्किन तेव्हा लँकेशायर फ्युझिलिअर्सच्या ११व्या बटालियनबरोबर सॉममध्येच होता आणि लवकरच तिचा सिग्नल अधिकारी झाला. तोफांच्या माऱ्यात टेलिफोनच्या तारा तुटायच्या. मग निरोपे, दिवे, कबुतरं यांच्यावर काम भागवायचं. ऑगस्टमध्ये त्याने स्मिथला लिहिलं, की काहीतरी तडकलंय, आपण आता त्या चौघांच्या एका देहाचा भाग आहोत असं वाटत नाही. स्मिथला हे मान्य नव्हतं. त्याने फेब्रुवारीतच लिहून ठेवलं होतं, की आपल्यातला एखादा मेला म्हणून मंडळ मरत नाही. मी बोलू शकलो नाही ते तू बोल.

२९ नोव्हेंबरला तोफगोळ्याच्या कपच्या लागून स्मिथ जखमी झाला. जखमा साध्या वाटल्या, पण त्यात गॅस गँगरीन झालं आणि ३ डिसेंबरला तो गेला. टॉल्किन तेव्हा उवांमुळे होणाऱ्या ट्रेंच फीवरने इंग्लंडला परतला होता. त्याने १९१८मध्ये स्मिथच्या कविता छापून आणल्या. गोंडोलिन या त्याच्या काल्पनिक नगराच्या पाडावाची कथाही याच आजारपणाच्या काळातली. तुमचं व्याख्यान या पत्रांवर उभं राहील. मेलेल्याचं अर्धं राहिलेलं काम उचलणं हा या माणसाचा मैत्रीचा अर्थ होता.

खंदकवाचक:
याला जोडून ऑर्डर्लीचा मुद्दा घ्या. ब्रिटिश अधिकाऱ्याच्या दिमतीला एक साधा शिपाई असे. सामान, चहा, अंथरूण, सगळं तोच बघे. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये अंगठी वाहणाऱ्या फ्रोडोचा सोबती सॅम गॅमजी या शिपायांवरून आणि ऑर्डर्लींवरून आला, असं टॉल्किनने स्वतः सांगितलं आहे, आणि ते आपल्यापेक्षा कितीतरी श्रेष्ठ होते हेही. आता लुइसकडे बघा. आपल्या १९व्या वाढदिवशी, २९ नोव्हेंबर १९१७ला, तो आघाडीवर पोचला. नावाला अधिकारी हा पोरगा, प्रत्यक्षात तुकडी चालवायचा सार्जंट एअर्स. लुइसने त्याच्याबद्दल लिहिलंय ते जवळजवळ वडिलांबद्दल लिहावं तसं. एप्रिल १९१८मध्ये लुइस ज्या गोळ्याने जखमी झाला त्यानेच एअर्स मेला. दोघांनाही हुद्द्याने खालचा माणूसच खरा आधार म्हणून भेटला. ओझं छोट्या माणसाने वाहायचं, ही कल्पना कुठून आली ते इथे दिसतं.

मोठ्याने वाचायला एकच उतारा निवडा. कथेतल्या इथिलियन प्रदेशात बाणांनी पडलेला दक्षिणेचा योद्धा सॅमच्या समोर कोसळतो, तुटलेली तलवार अजून मुठीत. सॅमच्या मनात येतं, याचं नाव काय असेल, हा मुळात दुष्ट होता की कुणाच्या थापांनी, धाकाने इतक्या लांब आला, घरीच राहिला असता तर बरं नसतं का. शत्रूच्या प्रेताकडे असं बघणारं युद्धवर्णन त्या जातीच्या कथांत फार दुर्मीळ आहे.

तळटीप_नको:
दोन ठिकाणी घसरायला होतं. एक, 'दोघे सैनिक म्हणून जवळ आले' असं म्हणू नका. त्यांची ओळख ११ मे १९२६ला ऑक्सफर्डमध्ये झाली आणि त्यांना जोडलं ते आइसलँडच्या सागांनी. युद्ध पार्श्वभूमीला होतं. लुइसला ख्रिस्ती श्रद्धेकडे नेणाऱ्या, सप्टेंबर १९३१मधल्या त्या दोघांच्या रात्रीच्या फिरण्यात बरोबर असलेला त्यांचा मित्र ह्यूगो डायसनही महायुद्धात जबर जखमी झालेला. टी.सी.बी.एस.ची वाचून दाखवायची सवय मात्र पुढे इंकलिंग्ज या दोघांच्या ऑक्सफर्डमधल्या लेखकमित्रांच्या मंडळात तशीच दिसते. आपलं लेखन निव्वळ खाजगी छंद नाही हा विश्वास लुइसनेच दिला आणि त्याच्याविना पुस्तक पुरं झालं नसतं, हे टॉल्किनने कबूल केलं आहे.

दुसरं, डेड मार्शेस, म्हणजे कथेतली पाण्याखाली प्रेतं दिसणारी दलदल, म्हणजे सरळ सॉम नव्हे. त्या दलदलीवर सॉमनंतरच्या उत्तर फ्रान्सचं काही ऋण आहे असं टॉल्किन म्हणतो, पण विल्यम मॉरिस या जुन्या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्यांचं त्याहून जास्त. तेवढंच सांगा.

पानगळ:
मनापासून आभार. मग शेवट कुठे करू? विजयावर?

जुनी_वही:
नको. फ्रोडो घरी येतो आणि तारखा त्याला सोडत नाहीत. ६ ऑक्टोबरला वेदरटॉप टेकडीवर जखमी झालेला खांदा दुखतो, १३ मार्चला शेलॉब या राक्षसी कोळिणीचं विष. सॅम बागेत झाडं लावतो, गावाला त्या वर्षी सोन्यासारखा हंगाम येतो, आणि फ्रोडो आपलं आजारपण त्याच्यापासून लपवतो. ती पानं सावकाश वाचा, पाच मिनिटं राखून ठेवा.