टीममध्ये एकमेकांना पगार सांगावेत का? सांगायचे तर नेमकं काय सांगायचं?

डिझाइन_चाकण

चाकणजवळच्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत डिझाइन विभागात आम्ही सात जण आहोत. सगळे सीनियर इंजिनिअर, अनुभव ५ ते ८ वर्षं. पालक कंपनी जर्मन, इथली प्रायव्हेट लिमिटेड. यंदाची वाढीची पत्रं आल्यावर विषय निघाला की सगळ्यांनी आपापले आकडे एकमेकांना सांगायचे. चौघं तयार आहेत, दोघांना नको आहे, माझं अजून ठरत नाही.

नियुक्तीपत्रात "वेतनाचा तपशील गोपनीय ठेवावा, अन्य कर्मचाऱ्यांशी त्याची चर्चा करू नये" असं कलम आहे. ते मोडलं तर काय होऊ शकतं? तुलना कशाची करायची, सीटीसीची (कंपनी आपल्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च) की हातात पडणाऱ्या रकमेची? आणि फरक निघाला तर पुढे काय? "पैशाचं बोलू नये" हे सगळ्यांनीच घरी ऐकलेलं असतं. व्यवहाराचं उत्तर हवं आहे.

ताळेबंद

सांगा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण सीटीसी सांगू नका आणि हातात पडणारी रक्कमही सांगू नका. दोन्ही आकडे तुलनेला निरुपयोगी आहेत, आणि "मला कमी मिळतं" हा गैरसमज बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो.

सीटीसीत कंपनीचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटीची तरतूद, गटविम्याचा हप्ता आणि शंभर टक्के मिळेल असं धरलेला व्हेरिएबल (कामगिरीनुसार कमी-जास्त होणारा भाग), हे सगळं कोंबलेलं असतं. हातात पडणारी रक्कम माणसागणिक बदलते: कोणी जुनी करप्रणाली घेतलेली, कोणाचा स्वेच्छेचा जादा पीएफ, कोणाचा पतपेढीचा हप्ता पगारातून कापला जातो.

तुलना करायची ती वर्षाच्या फिक्स्ड ग्रॉसची, म्हणजे कपातीआधीच्या ठरलेल्या पगाराची. एकाच ग्रेडमधले दोघं घ्या.

पहिल्याचा सीटीसी १२,००,०००. बेसिक निम्मं, म्हणजे ६,००,०००. पीएफ पूर्ण बेसिकवर, म्हणून कंपनीचा १२ टक्के हिस्सा ७२,०००. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे २८,८६०. व्हेरिएबल १,२०,०००, विमा १२,०००. हे वजा केलं की फिक्स्ड ग्रॉस उरतं ९,६७,१४०, महिन्याला ८०,५९५. त्यातून स्वतःचा पीएफ ६,००० आणि व्यवसाय कर २०० गेला की ७४,३९५.

दुसऱ्याचा सीटीसी ११,४०,०००. बेसिक ५,७०,०००. पण त्याचा पीएफ महिन्याला १५,००० च्या मर्यादेवर बसवलेला, म्हणून कंपनीचा हिस्सा वर्षाला फक्त २१,६००. ग्रॅच्युइटी २७,४१७, विमा तेवढाच, व्हेरिएबल नाही. फिक्स्ड ग्रॉस १०,७८,९८३, महिन्याला ८९,९१५. स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा जाता ८७,९१५.

सीटीसी ६०,००० ने कमी असलेल्या माणसाच्या हातात महिन्याला साडेतेरा हजार जास्त पडतात. (नव्या करप्रणालीत प्रमाणित वजावटीनंतर दोघांचंही उत्पन्न १२ लाखांच्या आत राहतं, म्हणून २०२५-२६ च्या दराने आयकर शून्य धरला आहे.) उलट पहिल्याच्या पीएफ खात्यात दोन्ही बाजूंचे मिळून वर्षाला १,४४,००० जमा होतात, दुसऱ्याचे ४३,२००. यात अन्याय कोणावरच नाही, रचना वेगळी आहे. नुसते सीटीसी सांगून उठले असते तर दुसरा माणूस वर्षभर नाराज राहिला असता.

म्हणून फिक्स्ड ग्रॉसबरोबर एवढं सांगा: बेसिक किती, पीएफ पूर्ण बेसिकवर की १५,००० वर, व्हेरिएबल किती टक्के आणि गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती मिळाला, ग्रेड कोणता, रुजू कोणत्या साली झालात. जॉइनिंग बोनस किंवा रिटेन्शन बोनस असेल तर तो वेगळा सांगा. पहिल्या वर्षाच्या पत्रात तो सीटीसीत मिसळलेला असतो आणि दुसऱ्या वर्षी नाहीसा होतो.

स्लिप समोर ठेवून बोलणार असाल तर थकबाकी नसलेल्या महिन्याची घ्या. वाढ एप्रिलपासून लागू होऊन प्रत्यक्षात जूनमध्ये मिळाली असेल तर जूनच्या स्लिपमध्ये फरकाची रक्कम असते. फेब्रुवारीची स्लिपही टाळा, महाराष्ट्रात त्या महिन्यात व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० कापतात. महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो करच नाही, तुमच्या ग्रेडला हा मुद्दा येणार नाही.

आणखी एक. नव्या कामगार संहितांप्रमाणे बेसिक आणि महागाई भत्ता मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून कमी असेल, तर निम्म्यावर जाणारे भत्तेही पीएफ-ग्रॅच्युइटीच्या हिशेबापुरते वेतनातच धरले जातात. त्यामुळे बऱ्याच कंपन्या रचना बदलतायत. एकाचं जुनं पत्र आणि दुसऱ्याचं नवं पत्र शेजारी ठेवू नका.

निळी शाई

कलमाबद्दल लिहितो.

अमेरिकेत १९३५ च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याने बहुतेक खासगी कर्मचाऱ्यांना आपसात पगाराबद्दल बोलण्याचं संरक्षण दिलेलं आहे. भारतात तसा थेट कायदा नाही. त्यामुळे ते कलम निव्वळ कागदी आहे असं समजू नका, त्यावरून नोटीस देता येते. मात्र स्वतःचा पगार सहकाऱ्याला तोंडी सांगणं आणि कंपनीची माहिती फोडणं यांत फार अंतर आहे, आणि तुम्ही पहिल्याच्या हद्दीत राहायचं आहे.

फक्त स्वतःचा आकडा सांगा. तिसऱ्याचा ऐकीव आकडा कधीही नाही. कंपनीच्या ईमेलवर, टीम्सवर, कंपनीच्या लॅपटॉपवरच्या शीटमध्ये काहीही लिहू नका. पत्राचा फोटो पाठवू नका, फोटो एकदा गेला की कुठे फिरेल ते तुमच्या हातात नसतं. पेरोलच्या एक्सेलची प्रत कोणाकडे आलीच तर ती उघडू नका आणि पुढे तर मुळीच पाठवू नका. तिथे प्रकरण खरोखर शिस्तभंगाचं होतं. आणि एचआर किंवा पेरोलमधल्या मित्राला इतरांचे आकडे विचारू नका. त्यांच्यावर गोपनीयतेचं बंधन कामाचा भाग म्हणून असतं, त्यांची नोकरी तुमच्यापायी धोक्यात येईल.

एक बाजू मात्र कायद्याने भक्कम आहे. सारख्या किंवा त्याच स्वरूपाच्या कामासाठी स्त्री-पुरुष भेद करून कमी वेतन देता येत नाही. पूर्वी हे १९७६ च्या समान वेतन कायद्यात होतं, आता ते २०१९ च्या वेतन संहितेत आहे आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. बरोबरी करण्यासाठी कोणाचा पगार खाली आणता येणार नाही, हेही तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. तुमच्या सात जणांत स्त्रिया असतील तर त्यांच्या दृष्टीने आकडे कळणं हा कुतूहलाचा विषय राहत नाही. शेजारच्या टेबलावर किती मिळतं हे ठाऊक नसलेल्या बाईला हा हक्क वापरताच येत नाही. गोपनीयतेच्या कलमाचा सगळ्यात मोठा तोटा मला इथेच दिसतो.

म्युनिकची_खिडकी

पालक कंपनी जर्मन आहे असं लिहिलंय म्हणून सांगतो, इथला जर्मनीतला कायदा पुण्यातल्या कंपनीला लागू होत नाही. तो विचार आधीच सोडा.

इथली पद्धत मात्र पाहण्यासारखी आहे. २०१७ च्या वेतन पारदर्शकता कायद्यानुसार २०० हून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी तुम्ही लेखी विचारू शकता की माझ्यासारखंच काम करणाऱ्या दुसऱ्या लिंगाच्या सहकाऱ्यांचं मध्यक वेतन (सगळे पगार क्रमाने लावले की मधोमध येणारं) किती. तुलनेच्या गटात अशी किमान सहा माणसं असावी लागतात, नाहीतर एकेकाचा आकडा ओळखू येईल. युरोपीय संघाचा २०२३ चा निर्देश याच्या पुढे जातो: उमेदवाराला आधीचा पगार विचारायचा नाही, सुरुवातीचं वेतन किंवा त्याचा पट्टा आधी सांगायचा, आणि समान वेतनाच्या हक्कासाठी कर्मचारी आपला पगार उघड करत असतील तर त्यांना अडवायचं नाही. सदस्य देशांना तो कायद्यात आणण्यासाठी ७ जून २०२६ ची मुदत दिलेली आहे.

तुम्ही सात जण आहात. दोघं बाहेर राहिले तर पाचच उरतात. एवढ्या लहान गटात नावं झाकून काही साधत नाही, तेव्हा जे येतील त्यांनी उघडच बोलावं.

वहीखाते

ज्या दोघांना नको आहे त्यांना एकदाही पुन्हा विचारू नका. कोणाच्या घरी भावाचं कर्ज असतं, कोणाकडे नातेवाईक उसने मागायला बसलेले असतात, कोणाच्या लग्नाची बोलणी चालू असतात. आकडा एकदा बाहेर पडला की आत घेता येत नाही. एक काळजी आवर्जून घ्या: टीमला सरासरी किती टक्के वाढ मिळाली हे मॅनेजरने बैठकीत सांगितलेलं असेल, तर पाच जणांच्या टक्क्यांवरून उरलेल्या दोघांचा अंदाज बांधता येतो. म्हणून वाढीचे टक्के मांडूच नका, फक्त आजचं फिक्स्ड ग्रॉस सांगा.

आता फरक का पडतो ते. बहुतेक वेळा कारण कामगिरी नसतं, प्रवेशाचा आकडा असतं. नव्या माणसाला जुन्या पगारावर टक्के लावून ऑफर देतात, त्यामुळे आधीच्या कंपनीतला कमी पगार तो सोबतच घेऊन येतो. मग पुढच्या वाढी टक्क्यांतच होतात आणि दरी आपोआप रुंदावते. ६ लाख आणि ८ लाख अशी सुरुवात असेल आणि दोघांनाही दरवर्षी सारखीच १० टक्के वाढ मिळाली, तर पाच वर्षांनी २ लाखांचा फरक ३ लाख २२ हजारांचा होतो. कागदावर दोघांना सारखीच वागणूक मिळालेली असते. हे समजलं की शेजारच्या माणसावर राग राहत नाही आणि मागणीही नेमकी होते: टक्केवारीतली नेहमीची वाढ वेगळी, आणि पायाची दुरुस्ती वेगळी मागायची.

बाहेरचा आधारही गोळा करा, तो लोकांना वाटतो त्याहून जास्त उपलब्ध आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १९७ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला प्रत्येक संचालकाच्या मोबदल्याचं कर्मचाऱ्यांच्या मध्यक वेतनाशी असलेलं गुणोत्तर संचालक मंडळाच्या अहवालात द्यावं लागतं. संचालकाचा मोबदला त्याच अहवालात असतो. त्याला गुणोत्तराने भागलं की मध्यक वेतन हाती येतं. बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार कंपन्यांना शाश्वततेच्या अहवालात स्त्री आणि पुरुष कर्मचाऱ्यांचं मध्यक वेतन वेगवेगळं छापावं लागतं. अहवालात तत्त्व ५, मानवी हक्कांचा भाग उघडा, तक्ता तिथे आहे. तुमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असल्याने तिचे आकडे असे मिळणार नाहीत, पण बॉश लिमिटेड, शेफलर इंडिया या जर्मन समूहांच्या भारतातल्या कंपन्या बाजारात नोंदलेल्या आहेत, त्यांचे अहवाल फुकट उतरवता येतात. मध्यक सगळ्या ग्रेडचा मिळून असतो, त्यामुळे स्वतःच्या पगाराशी थेट ताडू नका. दोन-तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून तो कसा सरकतो ते बघा.

डिझाइन_चाकण

फार उपयोगी. आम्ही पाच जण बाहेर भेटून तोंडीच बोलणार आहोत, कागद-फोटो काही नाही. एकच शंका राहते. माझा आकडा खरंच खाली निघाला, तर मॅनेजरसमोर सहकाऱ्याचं नाव न घेता विषय काढायचा कसा? "तुला कसं कळलं?" हा पहिला प्रश्न येणार.

वहीखाते

तो प्रश्न येऊच नये अशी मांडणी करा. दुसऱ्याच्या पगाराचा विषय काढायचाच नाही. विचारायचं एवढंच: "माझ्या ग्रेडच्या पट्ट्यात माझं फिक्स्ड कुठे बसतं? मध्याच्या खाली असेल तर मध्यापर्यंत यायला काय लागेल आणि किती काळ?" बऱ्याच कंपन्यांत प्रत्येक ग्रेडचा पट्टा ठरलेला असतो, साधारण मध्याच्या ८० ते १२० टक्के. तुमचा पगार भागिले पट्ट्याचा मध्य, याला एचआरवाले कंपा-रेशो म्हणतात. मध्य ११ लाख आणि तुमचं फिक्स्ड ९,६७,१४० असेल तर तो ०.८८ येतो. हा शब्द तुम्ही वापरलात की बोलणं तक्रारीचं न राहता हिशेबाचं होतं. नेमका पट्टा सांगायला मॅनेजर तयार नसेल तरी "मध्याच्या खाली की वर" एवढं बहुतेक जण सांगतात.

सोबत एक पान न्या: गेल्या वर्षात स्वतः पूर्ण केलेले प्रकल्प, वाचवलेला खर्च किंवा वजन, सांभाळलेले ज्युनिअर, आणि पदवर्णनाच्या पलीकडे अंगावर घेतलेलं काम. घरखर्च, ईएमआय, मुलांची फी यातलं काही काढू नका. त्यावर मॅनेजर सहानुभूती दाखवेल, पण एचआरकडे पाठवायच्या शिफारशीत त्याला ते लिहिता येत नाही.

वेळ महत्त्वाची आहे. पत्रं हातात पडल्यावर बजेट संपलेलं असतं. एप्रिलची सायकल असेल तर रकमा फेब्रुवारी-मार्चमध्येच ठरतात, म्हणून पायाच्या दुरुस्तीचं बोलणं डिसेंबर-जानेवारीत व्हायला हवं. आत्ता फक्त पट्ट्यातली जागा विचारा आणि बैठकीनंतर दोन ओळींचा ईमेल टाका: काय बोललो, पुन्हा कधी भेटायचं ठरलं. सायकलबाहेर दुरुस्ती होते का हेही त्याच बैठकीत विचारून घ्या, काही कंपन्या ऑक्टोबरच्या आसपास अशी थोडी रक्कम बाजूला ठेवतात.

निळी शाई

वहीखाते यांच्या ईमेलबद्दल एक पुरवणी. त्यात सहकाऱ्यांच्या आकड्यांचा उल्लेख, अगदी "टीममध्ये इतरांना" असासुद्धा, नको. आणि बैठकीत थेट विचारलंच की कोणी सांगितलं, तर खोटं बोलू नका, नावही देऊ नका. "मी माझ्या ग्रेडच्या पट्ट्याबद्दल विचारतोय" हे शांतपणे पुन्हा म्हणा.